कोपराकडे सारलेल्या बांगड्या

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे लोक आधी पोटाकडे बघतात. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या क्लिनिकचा जिना एखादी बाई चढायला लागली की खालचे दुकानदार मनातल्या मनात तिचे महिने मोजायला लागायचे, हे मला वरच्या खिडकीतून कळायचं. त्यामुळे एकदा गगनबावड्याहून आलेले साठीचे एक गृहस्थ चिठ्ठी घेऊन अर्ध्या जिन्यातच थांबले आणि मंगलताईंना म्हणाले, "बाई, मला चुकून हितं धाडलंय. ह्यो बायकांचा दवाखाना हाय." मंगलताई म्हणजे माझ्या क्लिनिकच्या नोंदवहीच्या, दाराच्या आणि खरं तर माझ्याही मालकीणबाई. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सांगितलं, "पावणं, तुमच्या कातडीची सोनोग्राफी हाय." गृहस्थांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दंडाला एक चिमटा काढून पाहिला आणि म्हणाले, "कातडीत काय बघायचं? ती तर भायेरच हाय की."

प्रश्न अगदी रास्त होता. मीही पंचवीसएक वर्षं याच समजात काढली होती. रेडिओलॉजिस्ट म्हणून माझं आयुष्य मूतखडे, अपेंडिक्स, पित्ताशय आणि वाढणारी बाळं बघण्यात गेलं. त्वचा म्हणजे आमच्या दृष्टीने प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर फिरवायचा भाग, टेकवायची जागा. घराच्या उंबऱ्याकडे जसं कोणी बघत नाही, तसं आम्ही त्वचेकडे बघत नव्हतो. तिच्याकडे बघायला मला लावलं ते डॉ. इनामदारांनी. हे आमच्याच रस्त्यावर चार इमारती पलीकडे बसणारे त्वचारोगतज्ज्ञ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आवाजाने त्याहून मोठे.

त्यांच्याकडे अधूनमधून असे रुग्ण यायचे ज्यांची कातडी आवळत जाते. स्क्लेरोडर्मा हे त्यातल्या मुख्य आजाराचं नाव. शरीराची राखणदारी करणारी यंत्रणाच बिथरते आणि त्वचेत चिवट धाग्यांचे थर घालत सुटते. आधी बोटं सुजतात, मग ताठ होतात, मूठ मिटत नाही, हळूहळू कातडी हाताला मापापेक्षा लहान झाल्यासारखी होते. तोंडाचा आ लहान होतो. थंडीत बोटं पांढरी पडतात, मग निळी. काहींच्या बाबतीत हाच आवळपणा आत फुप्फुसापर्यंत पोचतो. आजार विरळा आहे, पण ज्याला होतो त्याला तो विरळा आहे हे सांगून काही उपयोग नसतो.

औषध लागू पडतंय की नाही हे कसं ओळखायचं? तर चिमट्याने. ही थट्टा नव्हे. जगभरचे डॉक्टर अंगावर सतरा ठिकाणी कातडी चिमटीत धरून बघतात आणि प्रत्येक जागेला शून्य ते तीन असे गुण देतात. इनामदारांचा चिमटा प्रसिद्ध होता. मी त्यांना चिडवायचे, "डॉक्टर, भाजीवाली वांगं दाबून बघते त्यात आणि तुमच्यात फरक काय?" ते म्हणायचे, "वांगं ओळखण्यात भाजीवाली चुकत नाही."

मग माझ्याकडे नवीन मशीन आलं आणि मला त्यांच्या चिमट्यावर मात करायची संधी मिळाली.

मशीनची गंमत सोपी आहे. ताणलेल्या दोरीला टिचकी मारली की लाट सर्रकन पुढे जाते, सैल दोरीत रेंगाळते. हे मशीन आवाजाच्याच जोरावर त्वचेला एक बारीकशी टिचकी मारतं, कोणाला जाणवणारही नाही अशी, आणि त्यातून निघालेली लाट आडवी किती वेगाने पळते ते मोजतं. कातडी कडक असेल तर लाट जोरात पळते, मऊ असेल तर हळू. पडद्यावर कडक भाग लाल दिसतो, मऊ भाग निळा, आणि शेजारी आकडा येतो. चिमट्याचा "मला वाटतं दोन" हा प्रकार नाही.

पण हे सगळं दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या कातडीबद्दल चाललेलं असतं. पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या आम्हा लोकांचा हात जड. चरबी आणि वायू बाजूला सारून आतलं बघायचं तर प्रोब दाबावाच लागतो. त्वचेला तसा दाबला की ती बिचारी दाबानेच कडक होते आणि मशीन इमानदारीने खोटं सांगतं. जेलचा जाड थर घालायचा आणि त्यावर प्रोब नुसता तरंगत ठेवायचा, हे मला जमेना. शेवटी मी घरून स्टीलच्या डब्यात घट्ट लावलेलं दही आणलं, त्यावर प्लॅस्टिक पसरलं, जेल घातलं, आणि दही न मोडता प्रोब धरायचा सराव सुरू केला. दोन आठवडे क्लिनिकात रोज दही. मंगलताईंनी संध्याकाळी त्याचं ताक केलं आणि एका रुग्णाला दिलं, हे मला नंतर कळलं. दोन आठवड्यांनी दह्यावर प्रोबची रेघ उमटेनाशी झाली तेव्हा परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

आणखी एक अडचण एसीची. मशीन तापू नये म्हणून आमची खोली कायम गार, आणि या रुग्णांची बोटं गारठ्यात निळी पडणारी. मग त्यांच्या वेळेला एसी बंद, खिडकी उघडी, गरम पाण्याची पिशवी, आणि घामाने निथळणारी मी. आणि कोल्हापुरी स्वभावाची अडचण तर वेगळीच. वारणानगरच्या कारखान्यातले एक फिटर होते, हाताला कातडी आवळल्याचा एक मोठा चट्टा. आकडा उतरत नव्हता, उलट प्रत्येक खेपेला चढत होता, आणि ते प्रत्येक खेपेला खूश. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या हाताकडे न बघता चेहऱ्याकडे पाहिलं, तर त्यांनी दात आवळले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणालात कडक किती हाय ते बघायचं. मग मी बी कसर सोडली न्हाई." गडी पूर्ण ताकद लावून हात ताठ धरत होता. हात सैल सोडल्यावर आकडा निम्म्यावर आला आणि त्यांचा चेहरा नापास झाल्यासारखा पडला.

असे किस्से सांगताना मी माझी चूक शेवटी ठेवते, अशी मला सवय आहे. आज ती मधेच सांगते.

त्वचेची तपासणी सुरू केली त्या पहिल्याच वर्षी एका तरुण बाईला मी सहज म्हटलं होतं, "बांगड्या काढून ठेवा." तिच्याबरोबर तिची आई होती. आई उठली, लेकीला उठवलं आणि दारातून म्हणाली, "माझ्या लेकीचा नवरा जित्ता हाय, डॉक्टरीणबाई. मोकळ्या हातानं बसायला तिला काय झालंय?" आणि दोघी तपासणी न करता गेल्या. मला फार लाज वाटली. मी याच मातीतली, काचेची बांगडी फुटली तरी ती "वाढवली" म्हणणाऱ्या घरात वाढलेली, आणि मला हे सुचू नये? तेव्हापासून मी कोणालाही बांगड्या काढायला सांगितलं नाही. मी स्वतःच्या हाताने त्या हळूच वर कोपराकडे सारायचे आणि तिथे घट्ट बसवायचे, म्हणजे त्या घसरून प्रोबवर येत नसत. बायकांना बरं वाटायचं. मलाही बरं वाटायचं. आपण शिकलेल्या असूनही रीतभात पाळतो, याचा एक छोटासा अभिमान मी बाळगून होते.

अश्विनी पहिल्यांदा आली ती थंडीत. निपाणीच्या अलीकडच्या एका गावातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. लिंगायत घर, किराणा-भुसाराचं दुकान, घरात अर्धं मराठी आणि अर्धं कानडी. लग्नाला तीन वर्षं झालेली. बरोबर नवरा नव्हता, सासू होती, शांताक्का. अश्विनी त्यांना "अत्ती" म्हणायची. अत्ती म्हणजे सासूच, पण तिच्या तोंडी तो शब्द आईच्या जवळ जाणारा वाटायचा. शांताक्कांचा आवाज असा की खाली रस्त्यावरच्या माणसालाही रुग्णाची माहिती मिळावी.

अश्विनीची बोटं पांढरीफटक होती आणि मूठ मिटत नव्हती. भाकरी थापता येत नाही, हे तिने मला असं सांगितलं की जणू तो तिने केलेला गुन्हा आहे. शांताक्कांनी मात्र मुद्द्यालाच हात घातला. "बाई, हिला मूल हुईल का? ते दिसतंय का तुमच्या मशिनीत?"

"हे मशीन आज फक्त कातडी बघणार आहे, अक्का," मी म्हटलं. "ते याला दिसत नाही."

"मग काय उपयोग?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण तोंडावर तेच होतं.

सुजलेल्या बोटांमुळे त्या दिवशी तिच्या हातात एकेकच बांगडी होती, ती सारून बसवावी लागली नाही. आकडे वाईट आले. इनामदारांनी गोळ्या सुरू केल्या आणि दोघींना समोर बसवून स्वच्छ सांगितलं: या गोळ्या चालू असेपर्यंत मूल नको. सहा महिन्यांनी कातडी मऊ पडलेली दिसली तर पुढे सौम्य गोळ्यांवर आणून मुलाचा विचार करता येईल. तसं झालं नाही, आजार पुढेच सरकत राहिला, तर सलाइनमधून जोरकस औषध द्यावं लागेल. ते जीव वाचवतं, पण त्याने बाईची मूल होण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. शांताक्का बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात मंगलताईंना म्हणाल्या, "सा महिने. अंबाबाई बघून घिईल."

सहा महिन्यांनी दोघी आल्या त्या थेट देवळातून. ओटी भरून झाली होती, आणि महाद्वार रोडवर शांताक्कांनी सुनेला हिरवाकंच चुडा भरला होता, दोन्ही हातांत डझन डझन. अंगठा तळव्यात वळत नाही म्हणून कासाराने पावणेतीनच्या मापाच्या भरल्या होत्या. एवढ्या मोठ्या बांगड्या तिच्या बारीक मनगटावर खळखळ वाहत होत्या. "देवीचा चुडा हाय," शांताक्का म्हणाल्या. "आज निकाल चांगलाच लागंल."

मी चुड्याचं कौतुक केलं. मग रीतीप्रमाणे एकेका हाताच्या बांगड्या वर सारल्या. माप मोठं, त्यामुळे त्या चांगल्या कोपराजवळ गेल्या आणि तिथे पक्क्या बसल्या. "आता हात अजिबात हलवू नकोस हं," मी सांगितलं. एवढ्यात पलीकडच्या खोलीत पोटदुखीने कळवळणारा एक रुग्ण आला. त्याचं अपेंडिक्स बघून, सर्जनला फोन करून मी परत येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. अश्विनी उशीवर हात ठेवून तशीच पडून होती. गुणी मुलगी, बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

पडदा लाल झाला. बोटं, पंजा, मनगटाच्या वरचा भाग, सगळीकडे आकडे सहा महिन्यांपूर्वीपेक्षा चढलेले. मी प्रत्येक जागा तीनतीनदा मोजली. दह्यावर घोटलेला हात होता, दाब पडत नव्हता, याची मला खात्री होती. मी अहवाल लिहिला: कडकपणा वाढला आहे. शांताक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुनेचा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी इनामदारांचा फोन आला. "बाई, माझ्या चिमट्याला पोरगी मऊ लागतेय. आधी मी दोन गुण दिले होते, आता एक देईन म्हणतोय. आणि तुमचा आकडा वर." मी काहीशा गुर्मीतच म्हटलं, "डॉक्टर, वांगं आणि कातडी यात फरक असतो." ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. म्हातारी बोटं. दोन मतं झाली तर मोजमाप खरं धरायचं. सोमवारी दाखल करून घेतो." आयुष्यभर ज्या माणसाशी वाद घातला त्याने माझं ऐकलं होतं. मला बरं वाटलं. ही गोष्ट लिहितानासुद्धा मला त्या बरं वाटण्याची शरम वाटते.

शनिवारी संध्याकाळी घरी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. भाचीच्या लग्नात भरलेल्या बांगड्या माझ्या हातात होत्या. पीठ मळताना कुठलीही बाई करते तेच मी केलं, बांगड्या वर कोपराकडे सारल्या आणि बसवल्या. सहा-सात भाकऱ्या झाल्यावर हात धुतले, बांगड्या खाली ओढल्या. त्या होत्या तिथे लाल वळ उठले होते, आणि वळांच्या खालची कातडी फुगून तुकतुकीत झाली होती. बोटातली अंगठी रुतत होती. मी बोटाने दाबून पाहिलं. कडक लागलं.

मी तशीच उभी राहिले. यजमान स्वयंपाकघरात डोकावून म्हणाले, "तव्यावरची करपली बघ." शेवटची भाकरी कोळसा झाली होती. मी म्हटलं, "ह्या एका भाकरीवर निभावलं तर बरं."

रविवारी सकाळी मंगलताईंना बोलावून क्लिनिक उघडलं. आधी मोकळ्या हाताने माझी त्वचा मोजली. मग बांगड्या कोपराकडे घट्ट बसवून वीस मिनिटं उशीवर हात ठेवून पडून राहिले, अश्विनी पडली होती तशी. मंगलताई घड्याळ धरून. मग पुन्हा मोजलं. माझ्या धडधाकट, निरोगी कातडीचा आकडा दीडपट झाला होता आणि पडदा लालीकडे झुकला होता. रक्त हातात उतरत होतं पण बांगड्यांच्या वेढ्यामुळे परत वर नीट जात नव्हतं, ते तुंबून कातडी ताणली जात होती. मोजमाप बिनचूक होतं. मी मोजली ती कातडी आजाराने नव्हे, मी बसवलेल्या बांगड्यांनी ताणलेली होती.

इनामदारांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे माझा चिमटा बरोबर होता?"

"कदाचित."

"कदाचित नाही. लेखी द्या." आणि मग एकदम गंभीर होऊन, "उद्या सलाइन लावायच्या आधी तिला तुमच्याकडे पाठवतो. आकडा आल्याशिवाय मी हात लावत नाही."

सोमवारी दोघी आल्या त्या दवाखान्यात राहायच्या तयारीने, कपड्यांची पिशवी आणि थर्मास घेऊन. अश्विनीचे डोळे सुजलेले होते. मी दोघींना बसवलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. रुग्णासमोर "माझी चूक झाली" हे शब्द मी नोकरीत आणि व्यवसायात मिळून फार थोड्या वेळा उच्चारले असतील. त्या दिवशी ते दोघींकडे बघून उच्चारले.

शांताक्कांचा चेहरा उतरला. त्या रागावतील म्हणून मी तयार होते. पण त्या म्हणाल्या, "म्हंजे म्या चुडा भरला म्हणून झालं व्हय?"

"नाही, अक्का. तुम्ही चुडा मनगटातच भरलात. तो वर मी सारला."

त्या सुनेच्या हाताकडे बघत राहिल्या. आता पुढचं मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मनगटाजवळची जागा मोजायची तर एवढ्या मोठ्या बांगड्या खाली ठेवूनही चालणार नव्हतं, त्या घसरणारच. पहिल्या वर्षीची ती आई दारात उभी असल्यासारखी मला दिसत होती. मी शब्द जुळवत होते तोवर शांताक्का मंगलताईंना म्हणाल्या, "खोबरेल हाय का गं?"

त्यांनी सुनेच्या पंजाला तेल चोळलं आणि एकेक बांगडी काढून आपल्या पदरात ठेवत गेल्या. एकही वाढवू दिली नाही. सगळ्या निघाल्यावर त्यांनी आपल्या पदराच्या काठाची एक दशी उपसली, दातांनी तिचे दोन तुकडे केले आणि अश्विनीच्या दोन्ही मनगटांना सैलसा दोरा बांधला. "हात मोकळा न्हाय आता," त्या म्हणाल्या. "आपून का काढलं ते देवीला ठावं हाय. घ्या मोजून, बाई."

एसी बंद होता. अर्धा तास आम्ही अश्विनीला नुसतं बसवून ठेवलं, मंगलताईंनी तिला चहा दिला. मग मी जेल घातलं. खरं सांगते, मी दह्याचा डबा आठवला, रेघ उमटू द्यायची नाही असं स्वतःला बजावलं. दोनदा प्रोब उचलून मी श्वास घेतला. तिसऱ्यांदा ठेवला.

पडद्यावर हिरवं दिसलं, मग हिरव्याच्या कडेने निळं. बोटं, पंजा, मनगट, दोन्ही हात. आकडे सहा महिन्यांपूर्वीच्या पहिल्या आकड्यांपेक्षाही खाली. मी मंगलताईंना इनामदारांकडे पिटाळलं. ते आपले रुग्ण सोडून, धापा टाकत जिना चढून आले, अश्विनीचा हात हातात घेतला, चिमटीत धरला आणि म्हणाले, "एक." पडद्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी स्टुलावर बसले आणि रडले. लपवायचा प्रयत्न केला नाही. इतकं हायसं मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही अहवालाने वाटलं नव्हतं. शांताक्का माझ्याकडे बघून अश्विनीला म्हणाल्या, "ही बाई रडती का? वाईट हाय व्हय?" तेव्हा इनामदारांनी त्यांच्या आवाजाला आवाज लावून सांगितलं, "अक्का, पिशवी उचला आणि घरी जा. सलाइन नको." मग अश्विनीने दोरा बांधलेल्या हातांनी तोंड झाकलं, आणि झाकताना तिची बोटं थोडी वळली, हे आम्हा दोघा डॉक्टरांनी एकदमच पाहिलं.

आधीचा अहवाल चुकीचा का होता ते कारणासह लिहून मी सही केली. इनामदारांनी त्याची एक प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, माझ्या चिमट्याचं प्रमाणपत्र आहे.

पण हायसं वाटलं तरी झोप लागेना. माझी ही बांगड्या सारण्याची सवय त्या दिवशीची नव्हती. मंगलताई आणि मी सगळ्या जुन्या नोंदी काढल्या आणि ज्या बायकांचे हात मोजले होते त्यांना एकेक करून फोन लावले. बहुतेक जणी आल्या, पुन्हा मोजून गेल्या, त्यांच्या उपचारात सुदैवाने फारसा फरक पडला नाही. एकीचा नंबर बंद होता आणि पत्त्यावर दुसरं कुटुंब राहत होतं. तिच्या अहवालात मी लिहिलं होतं, फरक नाही. कदाचित होता. ती आज कुठे आहे हे मला माहीत नाही, आणि ही गोष्ट मला अजून खुपते.

त्यानंतर क्लिनिकात दोन गोष्टी आल्या. मंगलताईंनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: हात तपासायच्या आधी बांगड्या, घड्याळ, कडं, गंडेदोरे काढावेत. मनगट मोकळं वाटल्यास दोरा मिळेल. आणि त्याखाली, टेबलावर, हिरव्या दोऱ्याचं एक रीळ. इतकी वर्षं मी समजत होते की बायका बांगड्या काढायला तयार नसतात. रीळ आल्यावर एकीनेही नकार दिला नाही. त्यांची अडचण बांगडी नव्हती, मोकळं मनगट होतं. हे मला पहिल्याच वर्षी विचारता आलं असतं.

अश्विनी दर सहा महिन्यांनी येत राहिली. आली की न सांगता बांगड्या काढायची, ट्रेमध्ये ठेवायची, रिळाचा दोरा तोडून मनगटाला बांधायची आणि हात उशीवर ठेवायची. आकडा कधी जरा चढायचा, बहुतेक वेळा उतरायचा. आजार गेला नाही, पण दबला. इनामदारांनी सावकाश गोळ्या बदलल्या, आणखी वर्षभर थांबायला लावलं, फुप्फुसं तपासली, मग एकदाची परवानगी दिली.

मी क्लिनिक दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती सोपवलं त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. जिन्यावरून शांताक्कांचा आवाज आधी आला, माणसं नंतर. अश्विनी आत आली, खुर्चीत बसली आणि सवयीने बांगड्या काढायला लागली. मी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली. चिठ्ठी इनामदारांची नव्हती, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची होती. ती वाचेपर्यंत अश्विनीने रिळाचा दोरा तोडलाही होता.

"अगं, आज हात नाही," मी म्हटलं. "पोट बघायचंय. घाल त्या बांगड्या."

ती हसली. अंगठा तळव्यात दुमडून तिने एकेक बांगडी परत चढवली, तेल न लावता. चढवायची राहिलेली एक मी ट्रेमधून उचलून पाहिली. पावणेतीनची नव्हती, अडीचची होती.

मी जेल लावलं, प्रोब ठेवला, आणि अश्विनीच्या अंगावर पहिल्यांदाच हात मोकळा सोडून जरा दाबला. पडद्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. शांताक्का पुढे वाकल्या. त्यांनी विचारलं ते अगदी हळू, खालच्या रस्त्यावर जाणार नाही एवढ्या आवाजात.

"बाई, आता दिसतंय का तुमच्या मशिनीला?"

"दिसतंय, अक्का," मी म्हटलं, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.